फाईल सेव्ह करताना कुठला फॉरमॅट? डिफॉल्ट बदलल्याचे तुमचे अनुभव सांगा

आमच्या मंडळाचं यंदा सुवर्णमहोत्सवी वर्ष. स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे आहे. लेख मागवताना विषय सांगितले, शब्दमर्यादा सांगितली, शेवटची तारीख सांगितली. फाईल कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवायची, एवढंच सांगितलं नाही.

चौदा लेख आले. सहा डॉकएक्स (नव्या वर्डच्या फाईल), दोन जुन्या वर्डच्या डॉकमध्ये, दोन ओडीटी (लिबरऑफिसच्या), एक मॅकवरच्या पेजेसमध्ये, एक पीडीएफ, एक गूगल डॉक्सची लिंक आणि एक वहीच्या पानांचे फोटो. जुन्या डॉकपैकी एक उघडला तर मराठी अक्षर एकही नाही, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पाठवणारे पंच्याहत्तरीचे काका फोनवर म्हणाले, "अगं, माझ्याकडे तर छान दिसतंय."

त्यांच्याकडे छानच दिसत होतं. प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर आपला लेख नीट दिसत होता. 'सेव्ह'वर क्लिक करताना फाईल कुठल्या साच्यात जाते हे चौदातल्या बहुतेकांनी ठरवलंच नव्हतं, सॉफ्टवेअर बसवलं तेव्हाच ते ठरून गेलं होतं. म्हणून विचारते आहे: तुम्ही कधी हा डिफॉल्ट बदललात का? कशामुळे? बदलल्यावर काय सुधारलं, काय बिघडलं? अनुभव लहान असला तरी चालेल.

टायपिंगचं काम, सातारा

ताई, मी कोर्टाजवळ अर्ज, करारनामे टाइप करून देते. वर्ड 2007 आलं तेव्हा आमच्याकडे नवा कॉम्प्युटर घेतला होता. पहिल्याच आठवड्यात एक करारनामा पेन ड्राइव्हवर दिला आणि तासाभरात पक्षकार परत आले, फाईल उघडतच नाही म्हणून. त्या वकीलसाहेबांकडे वर्ड 2003 होतं आणि नवं वर्ड डॉकएक्समध्ये सेव्ह करत होतं. जुन्या वर्डला डॉकएक्स वाचता यावं म्हणून फुकट मिळणारा कम्पॅटिबिलिटी पॅक होता, पण दुसऱ्याच्या ऑफिसात जाऊन तो कोण बसवणार?

मग एका ओळखीच्या मुलाने वर्ड ऑप्शन्समध्ये 'सेव्ह'च्या पानावर 'सेव्ह फाईल्स इन धिस फॉरमॅट' होतं, तिथे 'वर्ड 97-2003 डॉक्युमेंट' निवडून दिलं. तक्रारी थांबल्या.

यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा. ते सेटिंग मी विसरून गेले. पुढे सगळीकडे नवी वर्ड आली आणि मी मात्र डॉकमध्येच काम करत राहिले. मुलगी बारावीला असताना तिला त्याच कॉम्प्युटरवर गणिताची समीकरणं टाइप करायची होती, तर समीकरणाचं बटण करडं, दाबलंच जाईना. वरच्या पट्टीत फाईलच्या नावापुढे 'कम्पॅटिबिलिटी मोड' लिहिलेलं होतं. मी ते वर्षानुवर्षं रोज पाहत होते, अर्थ कधी विचारला नव्हता. 'फाईल', मग 'इन्फो', तिथे 'कन्व्हर्ट' केल्यावर बटण चालू झालं. त्या दिवशी डिफॉल्टही परत डॉकएक्स केला. आता सेटिंग बदललं की तारीख आणि कारण डायरीत लिहून ठेवते.

जिल्हा परिषद शाळा, यवतमाळ जिल्हा

शाळेच्या लॅपटॉपवर लिबरऑफिस आहे, वर्डसारखंच पण फुकट मिळणारं. ते मुळात ओडीटीमध्ये सेव्ह करतं. मी माहिती पाठवायचो आणि केंद्रप्रमुखांच्या मोबाइलवर ती उघडायची नाही. 'सर, वर्डमध्ये पाठवा' असा मेसेज ठरलेला. मग टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे गेलो. खाली 'डॉक्युमेंट टाइप'मध्ये 'टेक्स्ट डॉक्युमेंट' आणि 'ऑलवेज सेव्ह अ‍ॅज'मध्ये वर्डचा डॉकएक्स निवडला. हे फक्त नव्या फाईलना लागू होतं. आधीची ओडीटी उघडून सेव्ह केली तर ती ओडीटीच राहते.

दोन महिने बरं चाललं. मग निकालपत्रकाचे तक्ते हलू लागले. मी लिबरऑफिसमध्ये डॉकएक्स करायचो, दुसरे सर ती वर्डमध्ये उघडून भर घालायचे, परत माझ्याकडे यायची. तीनचार फेऱ्यांत रकान्यांची रुंदी बदललेली आणि एका पानाची दोन पानं झालेली असायची. आता मूळ प्रत ओडीटीत ठेवतो. ज्यांना भर घालायची आहे त्यांना डॉकएक्स, ज्यांना फक्त वाचायचं किंवा छापायचं आहे त्यांना पीडीएफ. डिफॉल्ट पुन्हा ओडीटी केला आहे.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या खणात असतो, 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नावाने. इंग्रजीचा आकार 14 केला तरी मराठी 12 वरच राहू शकते. वर्डमध्येही अशा लिप्यांसाठी फॉन्टची नोंद वेगळीच असते. फॉरमॅट बदलल्यावर मराठीच तेवढी लहानमोठी झाली, तर आधी तिथे पाहा. मी उगाच फॉरमॅटला दोष देत होतो.

विद्यार्थी, नांदेड

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी टाइप करत होतो. लॅपटॉपवर वर्ड नव्हतं म्हणून नोटपॅड. चाळीसेक ओव्या झाल्यावर सेव्ह केलं. एक इंग्रजी सूचना आली, न वाचता 'ओके' दाबलं. खिडकी बंद करेपर्यंत अक्षरं जशीच्या तशी दिसत होती. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं.

अक्षरं फाईलमध्ये साठवण्याची जी पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, ती तेव्हाच्या नोटपॅडमध्ये मुळात 'एएनएसआय' होती, त्यात देवनागरीला जागाच नाही. प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं, त्यामुळे ते कशानेच परत येत नाही. फॉन्ट बदलूनही नाही. सूचनेत हेच लिहिलं होतं. 2019 मध्ये विंडोज 10 च्या 1903 या आवृत्तीपासून नोटपॅडचा डिफॉल्ट यूटीएफ-8 झाला, त्यात देवनागरी बसते. माझा लॅपटॉप त्याआधीचा. जुनी विंडोज असणाऱ्यांनी 'सेव्ह अ‍ॅज'च्या चौकटीत खाली 'एन्कोडिंग'मध्ये यूटीएफ-8 आहे ना, ते बघूनच सेव्ह करा.

मूळ सांगली, आता श्टुटगार्ट

बाबा कॉलेजात इतिहास शिकवायचे. 1995 नंतरची त्यांची टिपणं, भाषणं, स्थानिक इतिहासावरचे लेख फ्लॉपीवर होते, पुढे कुणीतरी सीडीवर उतरवून दिले. ते गेल्यावर मी सीडी इकडे घेऊन आलो. तीनशेच्या वर डॉक फाईल. त्यातल्या सगळ्यात जुन्या उघडायला आताच्या वर्डने नकार दिला. वर्डच्या ट्रस्ट सेंटरमध्ये 'फाईल ब्लॉक' नावाची यादी असते, जुने फॉरमॅट सुरक्षेसाठी तिथे अडवलेले असतात. ती खूण काढता येते, पण लिबरऑफिसमध्ये त्या तशाच उघडल्या.

तीनशे फाईल एकेक करून 'सेव्ह अ‍ॅज' करणं अवघड होतं. लिबरऑफिसला खिडकी न उघडता, कमांड लिहून एका फोल्डरमधल्या सगळ्या डॉकचं डॉकएक्स करायला सांगता येतं. मूळ फाईलना हात लागत नाही, शेजारी नव्या तयार होतात. वीसेक मिनिटांत काम झालं आणि मला वाटलं, बाबांचं लेखन वाचलं.

नव्या फाईल उघडल्या, तर आत मराठी नाहीच! इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. बाबांनी त्या काळातल्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. तिथे फाईलमध्ये 'क' साठवलेलाच नसतो, साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि त्यावर 'क'चं चित्र दाखवण्याचं काम तो फॉन्ट करतो. डॉकचं डॉकएक्स करणं म्हणजे धान्य एका पोत्यातून दुसऱ्यात ओतणं, आतलं धान्य तेच राहतं. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर एक रात्र रडण्यात गेली नसती.

डीटीपी, कोल्हापूर

दादा, मूळ डॉक फाईल आणि तो फॉन्ट दोन्ही जपून ठेवा, काहीही पुसू नका. एक फाईल उघडून मजकुरावर क्लिक करा, फॉन्टच्या चौकटीत नाव दिसेल, फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी. नाव कळलं की त्याचा कन्व्हर्टर, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम, शोधता येतो, कारण प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी असते. 'श्रीलिपी' फॉन्टचा कन्व्हर्टर 'आकृती' फॉन्टला चालत नाही.

कन्व्हर्ट झाल्यावर तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून वाचा: पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट, तिथे नंतर आणि इथे आधी. कन्व्हर्टर इथेच चुकतो. 'सर्व'चा 'सव' झालेला नजरेतून सुटतो. तीनशे फाईल आहेत, दहा करा, वाचा, मगच पुढच्या घ्या.

बँकेतून निवृत्त, फोंडा

शाखेतल्या पत्रांसाठी मी वर्डमध्ये मॅक्रो, म्हणजे तीच ती कामं आपोआप करणाऱ्या सूचना, लिहिले होते, डॉक फाईलमध्ये. डिफॉल्ट डॉकएक्स झाला तेव्हा 'मॅक्रोशिवाय सेव्ह करायचं का' असं वर्डने विचारलं आणि मी 'यस' दाबलं. मॅक्रो गेले. त्यासाठी डॉकएम हा वेगळा फॉरमॅट आहे.

संशोधक, गडचिरोली

क्षेत्रकामाच्या नोंदी गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमधून पेन ड्राइव्हवर घेतल्या. गावात नेटवर्क नव्हतं, फाईल उघडेनात. त्या जीडॉक होत्या, म्हणजे केवळ पत्ता, मजकूर सगळा गूगलच्या सर्व्हरवर. आता निघण्याआधी 'डाउनलोड'मधून डॉकएक्स किंवा ओडीटी करून घेते आणि विमान मोडवर उघडून बघते.

सॉफ्टवेअरचं काम, ठाणे

डॉकएक्स आणि ओडीटी, दोन्ही आतून झिप आहेत, म्हणजे अनेक फाईल एकत्र बांधलेलं गाठोडं. बहिणीच्या प्रबंधाची डॉकएक्स वर्ड उघडत नव्हतं, तेव्हा प्रत करून शेवटचं नाव झिप केलं आणि उघडली. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाईल होती, खुणांच्या मधे साधा मजकूर लिहिलेली. तळटिपा आणि मांडणी गेली, पण दोनशे पानांचा मजकूर खुणांच्या मधून जसाच्या तसा मिळाला. जुन्या डॉकमध्ये असं सहज आत शिरता येत नाही, म्हणून नव्या फॉरमॅटचं मला मोल वाटतं.

ओडीटी ज्यात मोडते ते ओडीएफ 2006 मध्ये आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक झालं, डॉकएक्स ज्यात मोडते ते ओओएक्सएमएल 2008 मध्ये. दुसऱ्याच्या वेळी भारतीय मानक ब्युरोने विरोधात मत दिलं होतं. ब्रिटनच्या सरकारने 2014 मध्ये ठरवलं की एकमेकांच्या कागदांत भर घालायची असेल तर ओडीएफ, नुसतं वाचायचं असेल तर पीडीएफ किंवा एचटीएमएल. यवतमाळचे सर स्वतःच्या अनुभवातून जवळपास त्याच व्यवस्थेला पोचले आहेत, याचा मला फार आनंद झाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. स्मरणिकेचं आवाहन आजच बदललं: 'लेख युनिकोड मराठीत, डॉकएक्स किंवा ओडीटीमध्ये पाठवावा. सोबत पीडीएफ जोडावी, म्हणजे तुमच्या पडद्यावर काय दिसतं ते आम्हाला कळेल.' ज्यांना जमणार नाही त्यांचा लेख आम्ही घरी जाऊन टाइप करू.

नांदेडच्या मित्रा, ओव्या पुन्हा लिहून घेता आल्या का?

कोल्हापूरचे दादा, काकांच्या फाईलमध्ये फॉन्टचं नाव 'श्री'ने सुरू होतं, पुढे आकडे आहेत. लेख सहा पानांचा आहे.

नांदेड

अठ्ठावीस मिळाल्या, ताई. बाकीच्या आजीला आठवत नाहीत. मावशीला विचारतोय.

कोल्हापूर

आकडे पूर्ण कळवा, ताई, आणि शक्य असेल तर काकांकडून त्याच लेखाची छापील प्रत घ्या. सहा पानंच आहेत, ताडून बघायला ती लागेल.