बागेतला थिरथिरा आणि नानांचा स्पीकर

ए-402: सकाळी सहाला बागेत पक्ष्याचा आवाज स्पीकरवर कोण लावतं? तीच शीळ, चाळीस वेळा. आमची खिडकी त्या बाजूला आहे हे सर्वांना ठाऊक आहे. नाव घेत नाही.

नाना (बी-104): घ्या की. मीच. सुप्रभात 🙏

माई (ए-101): पाचोळा झाडू नका, असं माळीबुवांना कोणी सांगितलंय? बाकाखाली ढीग साचलाय. परवा घसरले असते.

नाना: थिरथिरा आलाय. नर. छाती काळी, पोट विटकरी, शेपटी सारखी थरथरते. मार्चपर्यंत मुक्काम. आवाज लावला की लगेच उघड्यावर येतो.

बी-601: नाना, राग मानू नका. तो फोटो द्यायला येत नाही. आपल्या जागेत दुसरा नर घुसला असं वाटून हाकलायला येतो. थंडीत दिवस लहान, त्यात पोट भरायचं, आणि हा स्पीकरशी भांडत बसतो.

सी-203: म्हणजे आपली पार्किंगची मीटिंग 😂

सेक्रेटरी: कृपया विषयांतर नको.

माई: पाचोळ्याचं काय?

नाना: मी दुर्बीण घेतली तेव्हा काही जण अर्ध्या चड्डीत होते. एवढंच म्हणतो.

ए-402: दुर्बिणीचा विषय निघालाच आहे, तर गेल्या वर्षी तिचं तोंड कुठे होतं तेही बोलायचं का?

नाना: शिक्रा होता तुमच्या एसीवर, शिकारी पक्षी! होला, म्हणजे छोटं कबुतर, धरून बसलेला. फोटो तेव्हाच ग्रुपवर टाकलाय, वर जाऊन बघा.

सी-203: शिक्र्याला साक्षीला बोलवा.

बी-601: नुसतं ओळखायचं असेल तर मर्लिन अ‍ॅप आवाज ऐकून नाव सांगतं, वाजवावं लागत नाही. माई, पाचोळ्यात किडे असतात, ते टिपायला तो खाली उतरतो. कुंपणाकडचा राहू दे, वाट झाडू.

माई: आणि बाकाखालचा?

बी-601: तोही झाडू.

सेक्रेटरी: ठरलं. स्पीकर बंद. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, म्हणजे पक्षीगणना, असतो, 4 दिवस, एका वेळी किमान 15 मिनिटं पक्षी मोजायचे. नानांनी पुढाकार घ्यावा ही नम्र विनंती.

ए-402: सातनंतर.

नाना: पक्ष्यांना कळवतो.

*(दुसऱ्या दिवशी)*

नाना: 📷 आज स्पीकर नव्हता. अर्धा तास गप्प बसलो. आपणहून नळाच्या चावीवर येऊन बसला. शेपटी हललीच, तेवढी धूसर आलीय.

बी-601: वा नाना! 👌

ए-402: छान.

माई: मागे बाक दिसतोय. पाचोळा तसाच आहे.