ऑनलाइन मंचावरून स्टार्टअपमध्ये पन्नास हजार रुपये गुंतवावेत का?

ऐरोलीची शिक्षिका

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेल्या महिन्यात भिशीचे ५०,००० रुपये हाती आले. रबाळे एमआयडीसीत नाचणी आणि ज्वारीचे खाद्यपदार्थ बनवणारी एक नवी कंपनी ऑनलाइन मंचावरून लहान गुंतवणूकदारांकडून पैसे उभारत असून किमान रक्कम ५,००० रुपये आहे. त्यांची नाचणीची चकली आमच्या घरी नेहमी येते, त्यामुळे मालाबद्दल मला शंका नाही. मंचावर या फेरीनंतरचे मूल्यांकन, म्हणजे हे पैसे जमा झाल्यावर धरलेली कंपनीची किंमत, १० कोटी रुपये दाखवले आहे. पैसे भरल्यावर मी कंपनीची भागधारक होणार का, आणि ते परत कधी व कोणत्या मार्गाने मिळतात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पीपीएफ आणि एसआयपी नियमित चालू आहेत. ही रक्कम घरखर्चातली नाही.

वाशीच्या सनदी लेखापाल

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहीसाठी येणाऱ्या कागदाच्या शीर्षकातच असते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी तो कागद मागवून घ्या. त्यावर समभाग किंवा सक्तीने समभागात रूपांतरित होणारे अग्रहक्क भाग (लाभांश आणि परतफेडीत आधी हक्क असणारे), म्हणजे सीसीपीएस, असे लिहिलेले असेल, तर आपण कायद्याच्या अर्थाने भागधारक ठरता. त्याऐवजी ‘कम्युनिटी सबस्क्रिप्शन’ किंवा त्यासारखे नाव असेल, तर तो बहुतेक वेळा कंपनीशी केलेला साधा करार असतो. त्यात मतदानाचा हक्क नसतो, सभासद नोंदवहीत नाव लागत नाही आणि कंपनीचे मूल्य वाढल्यास ठरावीक प्रसंगी काही रक्कम देण्याचे आश्वासन तेवढे असते.

अशी वाट का काढली जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ नुसार खासगी विक्रीचा प्रस्ताव एका आर्थिक वर्षात एका प्रकारच्या रोख्यांसाठी २०० पेक्षा जास्त व्यक्तींना देता येत नाही (पात्र संस्था आणि कर्मचारी योजना वगळून), त्या व्यक्ती आधीच निश्चित केलेल्या असाव्या लागतात आणि त्यासाठी जाहिरात, प्रसारमाध्यमे किंवा दलाल वापरण्यास मनाई आहे. सर्वांना दिसणाऱ्या संकेतस्थळावर शेअर विकायला ठेवणे या कलमात बसत नाही. अमेरिकेत २०१२ च्या जॉब्स कायद्यानंतर आणि मे २०१६ पासून लागू झालेल्या नियमांनंतर सामान्य माणसाला नोंदणीकृत मंचावरून असे शेअर घेता येतात. आपल्याकडे सेबीने जून २०१४ मध्ये या विषयावर चर्चापत्र काढले, परंतु त्यातून नियमावली आली नाही. उलट ३० ऑगस्ट २०१६ रोजी सेबीने असे मंच कायद्याने अधिकृत किंवा मान्यताप्राप्त नाहीत, असा इशारा गुंतवणूकदारांना दिला. परदेशी मंचांच्या यशोगाथा वाचताना हा फरक लक्षात असू द्यावा.

कराबाबत एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. शेअर बाजारात सूचीबद्ध नसलेल्या कंपनीचा एकही समभाग वर्षभरात कधीही आपल्याकडे असेल, तर आयटीआर-१ भरता येत नाही. आयटीआर-२ भरून त्या समभागांचा तपशील द्यावा लागतो. असे समभाग २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास होणारा नफा दीर्घकालीन ठरतो आणि २३ जुलै २०२४ पासून त्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ न मिळता १२.५ टक्के दराने कर लागतो.

घोडबंदर रोडवरील रहिवासी

ताई, माझा अनुभव सांगतो, कंपनीचे नाव लिहीत नाही. २०२१ मध्ये मी अशाच करारावर २५,००० रुपये दिले. दोन वर्षांनी त्यांचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीने घेतला, तेव्हा मला वाटले की आता हिशेब होईल. कराराच्या अकराव्या पानावर मात्र लिहिले होते की कोणता व्यवहार ‘परतावा देण्यायोग्य प्रसंग’ मानायचा, हे संचालक मंडळ ठरवील. मंडळाने हा व्यवहार तसा मानला नाही. चौदा महिने ईमेल पाठवल्यानंतर ९,२०० रुपये खात्यात आले. सेबीच्या स्कोअर्स संकेतस्थळावर तक्रार केली, तर कंपनी सूचीबद्ध नसल्यामुळे ती घेता येत नाही, असे उत्तर आले. ते अकरावे पान मी सही करताना वाचले नव्हते, याची मला आजही चुटपुट लागून राहिली आहे. तुम्ही तसे होऊ देऊ नका.

रबाळ्यातील लघुउद्योजक

संस्थापकांच्या बाजूनेही थोडे लिहितो. दीडशे लहान भागधारक असले की प्रत्येक सभेची सूचना, प्रत्येक संमतीपत्र दीडशे जणांपर्यंत पोहोचवावे लागते आणि पुढच्या फेरीत येणारा मोठा गुंतवणूकदार त्यामुळे मागे हटतो. म्हणून प्रामाणिक संस्थापकही कराराचा मार्ग निवडतात. तो मोठा गुंतवणूकदार बहुधा अशी अट घालतो की कंपनी विकली गेल्यास आधी त्याची मूळ रक्कम परत जाईल आणि उरलेल्यातून इतरांना मिळेल. आपल्या कागदात या क्रमवारीबद्दल काय लिहिले आहे, हे अवश्य विचारा. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कंपनीने सादर केलेले ताळेबंद पाहता येतात आणि कर्जाचे बोजेही तेथेच दिसतात. चकलीच्या चवीइतकेच तेही बघण्यासारखे आहेत.

ऐरोलीची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वही घेऊन बसले. १० कोटींच्या मूल्यांकनात ५०,००० रुपये म्हणजे ०.०५ टक्के. पुढे दोन फेऱ्यांत प्रत्येक वेळी कंपनीचा २० टक्के हिस्सा नव्या गुंतवणूकदारांकडे गेला, तर माझा हिस्सा ०.०३२ टक्के उरतो. सात वर्षांनी कंपनी ५० कोटींना विकली गेली आणि मोठ्यांची अट आड आली नाही, तर मला १,६०,००० रुपये मिळतील, म्हणजे वर्षाला सुमारे १८ टक्के. परंतु २० कोटींना विकली गेली, तर ६४,००० रुपयेच येतात. हीच रक्कम ७.१ टक्के दराने पीपीएफमध्ये सात वर्षे राहिली, तर सुमारे ८०,८०० रुपये होते. कंपनीची किंमत दुप्पट होऊनही मी मागेच राहीन, हे आकडे मांडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

आज शंभर रुपये भरून दोन वर्षांचे ताळेबंद उतरवून घेतले आहेत. करारपत्राचा पूर्ण मसुदा, परताव्याची क्रमवारी आणि हे समभाग आहेत की करार, याचे लेखी उत्तर कंपनीकडे ईमेलने मागितले आहे. रक्कम सध्या मुदत ठेवीत ठेवली असून मसुदा आल्यावर त्यातील संबंधित कलमे, कंपनीचे नाव वगळून, येथे लिहीन. वाशीच्या ताईंनी ती एकदा नजरेखालून घालावीत, अशी विनंती.