परवान्यावरची ओळ : दुचाकी आणि हलक्या वाहनांविषयी कोकणातले अनुभव

धागाकर्ता, गुहागर तालुका

मी किनाऱ्यालगतच्या एका गावातील कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमची अकरावी-बारावीची मुले आजूबाजूच्या वाड्यांतून येतात, सकाळची एसटी चुकली की पुढची थेट दुपारी, आणि त्यामुळे जून उजाडला की फाटकाबाहेरच्या फणसाखाली स्कूटरची रांग लागते. यंदाच्या पालकसभेत मी विचारले की यांपैकी किती मुलांकडे परवाना आहे. तेव्हा एका वडिलांनी उभे राहून अगदी विश्वासाने सांगितले, "सर, त्याला १६ पूर्ण झाली आहेत आणि गाडी बिनगिअरची आहे." निम्म्याहून अधिक पालकांनी माना डोलावल्या.

हा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः लुनावर शिकलो आणि लुना ५० सीसीची होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ मध्ये १६ वर्षांची जी सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीपुरतीच आहे. गाडीला गिअर नाही एवढ्याने ती मिळत नाही. आजच्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात, आणि जिला आपण अजूनही मोपेडच म्हणतो ती टीव्हीएस एक्सएल १०० सुद्धा ९९.७ सीसीची आहे. त्या फणसाखाली उभी असलेली एकही गाडी १६ वर्षांच्या मुलाला कायद्याने चालवता येणारी नव्हती.

२०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १९९अ मी त्या सभेत वाचून दाखवले. अल्पवयीन मुलाने असा गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा नाही. शेवटची तरतूद ऐकल्यावर सभा एकदम शांत झाली, कारण आमच्याकडची कितीतरी मुले बारावीनंतर गाडीवरच्याच कामाला लागतात आणि २५ पर्यंत परवाना नाही म्हणजे त्यांच्या हाताला कामच नाही.

परवान्यावर वाहनाचा जो वर्ग लिहिलेला असतो ती ओळ आपण वाचतच नाही, असे मला त्या दिवशी प्रकर्षाने वाटले. म्हणून हा धागा. तुमच्या परवान्यावर काय लिहिले आहे, तुम्ही प्रत्यक्षात काय चालवता, आणि या दोहोंतील अंतर तुमच्या ध्यानात कधी आले, ते कृपया सविस्तर लिहा.

आशा सेविका, राजापूर तालुका

सर, माझ्या बाबतीत ते अंतर एका पहाटे कळले. परवाना काढताना एजंटने विचारले होते, "ताई, स्कूटीच चालवणार ना?" मी हो म्हटले आणि त्याने अर्जात बिनगिअरची दुचाकी लिहिली. पुढे कित्येक वर्षे मला दुसऱ्या कशाची गरज पडली नाही. मग एका रात्री माझी स्कूटर गॅरेजमध्ये असताना वरच्या वाडीतून बाळंतपणाचा निरोप आला आणि मी नवऱ्याची मोटारसायकल काढली. ती मला उत्तम चालवता येते, माहेरी वडिलांनीच शिकवली होती. बाळ-बाळंतीण सुखरूप पाहून पहाटे परतताना नाक्यावर अडवले. त्या साहेबांनी माझे कार्ड उजेडात धरले, अंगठा वर्गाच्या ओळीवर टेकवला आणि आवाज न चढवता म्हणाले, "गाडी चालवता येते हे दिसतंय, पण ही गाडी या ओळीत नाही."

दंड भरला. त्याहून मोठी धडकी घरी आल्यावर भरली, कारण त्या वळणांवर कोणाला धक्का लागला असता तर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता. मग गिअरच्या दुचाकीसाठी नव्याने शिकाऊ परवाना काढला, ३० दिवस थांबले आणि तालुक्याच्या कॅम्पला चाचणी दिली. आठचा आकडा काढण्याचा सराव मी जांभ्याच्या सड्यावर नारळाची दोन सोडणे ठेवून त्यांच्याभोवती करत असे. आमच्या गटातील चौघींचे परवाने नंतर तपासले, तेव्हा तिघींच्या कार्डावर बिनगिअरचीच नोंद निघाली.

मासळी व्यावसायिक, मिरकरवाडा, रत्नागिरी

माझा अनुभव जरा लांबीचा आहे, पण पिकअप किंवा छोटा हत्ती चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी पिकअप बंदरावरून बर्फातले खोके भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जाते. २०१६ मध्ये परतीच्या वाटेवर एका दुचाकीस्वाराला धडक बसली आणि त्याचा पाय मोडला. चूक आमच्या चालकाची होती, ते आम्ही नाकारले नाही. विमा चालू होता, हप्ता थकलेला नव्हता, आणि चालकाजवळ हलक्या मोटार वाहनाचा, म्हणजे एलएमव्हीचा, पक्का परवाना होता. तरीही विमा कंपनीने दावा न्यायाधिकरणात म्हणणे मांडले की पिकअप हे परिवहन वाहन, म्हणजे माल किंवा भाड्याने प्रवासी वाहणारे वाहन आहे, परवान्यावर परिवहनाची वेगळी नोंद नाही, म्हणून जबाबदारी आमची नाही. कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश अशा प्रकरणांत होतो हे वकिलांनी सांगितले, तेव्हा बायकोने न बोलता बांगड्यांचा डबा कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला.

ती नोंद आम्ही का करून घेतली नव्हती, तेही सांगतो. परिवहन वाहनाच्या परवान्यासाठी त्या वेळी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती आणि आमचा चालक पाचवीत शाळा सोडून वडिलांबरोबर होडीवर गेलेला. ती अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली.

कायद्याचे मूळ कलम २(२१) मी आता तोंडपाठ म्हणू शकतो. हलके मोटार वाहन म्हणजे ज्याचे वजन ७,५०० किलोंपेक्षा अधिक नाही ते. मात्र परिवहन वाहनाचे आणि बसचे वजन मालासह किंवा प्रवाशांसह धरायचे, तर मोटारगाडी, ट्रॅक्टर आणि रोडरोलर यांचे रिकामे धरायचे. व्याख्येतच परिवहन वाहन आहे, मग त्यासाठी वेगळी नोंद कशाला, हाच वाद देशभर चालू होता. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मुकुंद देवांगन खटल्यात निर्णय दिला की या मर्यादेतील परिवहन वाहनाला वेगळी नोंद लागत नाही. त्याच आधारावर आमच्या प्रकरणात कंपनीला पूर्ण भरपाई द्यावी लागली. पुढे त्या निर्णयाबद्दलच शंका घेतली गेली, प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभादेवी प्रकरणात तीच भूमिका कायम केली. त्या दिवशी जेटीवर आम्ही चौघा-पाच गाडीमालकांनी एकमेकांना चहा पाजला.

पिकअपचे मालासह वजन साडेसात टनांच्या कितीतरी खाली असते. आपापल्या आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ते छापलेले आहे. अंदाजाने बोलू नका, कार्ड काढून आकडा वाचा.

धागाकर्ता

भाऊ, मनापासून आभार. या निर्णयाचा अर्थ काही जण फार सैल लावतात, म्हणून जोडतो की घटनापीठाने ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल वाहणारी वाहने यांच्या विशेष अटी तशाच ठेवल्या आहेत.

डिझेल पुरवठादार, दाभोळ

तो मुद्दा आमचाच आहे. होड्यांसाठी डिझेल नेणारी गाडी आकाराने लहान असली तरी तिच्या चालकाला धोकादायक मालाच्या वाहतुकीचे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. एलएमव्ही पुरेसा आहे असे ऐकून माझ्या भाच्याने ते प्रशिक्षण टाळले होते. त्याला मी पाठवला आणि नोंद होईपर्यंत गाडीची किल्ली माझ्याकडे ठेवली.

घरगुती निवास चालवणारी, मालवण तालुका

आमच्याकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात आणि तारकर्लीला जायला स्कूटर मागतात. किनाऱ्यावर सगळेच देतात म्हणून आम्हीही घरच्या दोन स्कूटर दिवसाच्या भाड्याने देऊ लागलो. एका संध्याकाळी ओल्या वाळूवरून घसरून एक पाहुणी पडली आणि तिने वाचवता वाचवता सायकलवरच्या एका आजोबांना धक्का दिला. तिच्याजवळ परवाना होता, पण तो फक्त मोटारगाडीचा. मोटारगाडी चालवता येते म्हणून दुचाकीही चालेल असे तिला वाटले, आणि मीही परवाना हातात घेऊन फक्त तिचा फोटो पाहिला होता. शिवाय आमची गाडी खासगी नोंदणीची, पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली. ती भाड्याने देण्याचा अधिकारच आम्हाला नव्हता. विम्याकडून काही येणार नाही हे उघड होते. आजोबांचा सगळा खर्च आम्ही केला आणि तो करायलाच हवा होता.

भाड्याच्या दुचाकींसाठी केंद्राची १९९७ ची योजना आहे. तीत परवानगी घेतलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात; शेजारच्या गोव्यात ती जागोजाग दिसते. आता आम्ही आमच्या गाड्या देत नाही. पाहुणे काळ्या पाटीची गाडी घेऊन आले तरी मी चहा देताना विचारते, "परवान्यावर दुचाकी आहे ना?" काहींना ते आवडत नाही, तरी मी विचारते.

शिंपी, हर्णै

लहानपणी पोलिओने माझा डावा पाय गेला. दापोलीला येण्या-जाण्यासाठी स्कूटर घेतली आणि एका कारागिराकडून तिला मागे दोन जादा चाके लावून घेतली. चाचणीला गेलो तेव्हा अधिकाऱ्यांनी समजावले की गाडीच्या रचनेत बदल केला तर तो आरसीवर नोंदवावा लागतो, आणि माझा परवानाही त्या बदललेल्या गाडीच्या वर्गाचा हवा. दोन्ही कामांना मिळून चार खेपा झाल्या. दोन खेपांना मला जिना चढावा लागला, कारण खिडकी वरच्या मजल्यावर होती; याची तक्रार मी लेखी केली आहे.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. या वर्गाला पूर्वी कायद्यात 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत असत. २०१९ च्या सुधारणेने तो शब्द गेला आणि 'अनुकूलित वाहन' असा अर्थ असलेला शब्द आला. आधीच्या नावात माझे अपंगत्व होते, आताच्या नावात गाडीचा बदल आहे. माझ्यासारख्या माणसाला ते कार्ड खिशातून काढताना हा फरक जाणवतो.

आखातातून परतलेला, श्रीवर्धन तालुका

मी नऊ वर्षे आखातात होतो. तिथला परवाना चालू होता म्हणून इथला मार्च २०२२ मध्ये संपला याकडे लक्षच गेले नाही. २०२४ मध्ये घरी आलो, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो आणि न्यायला आलेल्या भावाच्या मागे न बसता हौसेने त्याची गाडी स्वतः चालवत घरी गेलो. परवाना संपून एक वर्षाहून अधिक काळ गेला असेल तर नुसते नूतनीकरण होत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते, हे नंतर कळले. वयाची ४० ओलांडल्यामुळे डॉक्टरांचा नमुना १अ दाखलाही लागला. सुट्टीचे ४५ दिवस होते, त्यांतले बरेचसे यातच गेले. परदेशी असणाऱ्यांनी घरच्यांना तारीख लिहून देऊन ठेवावी; संपण्याच्या आधी एक वर्षापासून नूतनीकरण करता येते.

गृहिणी, अलिबाग तालुका

माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांसाठी आम्ही बॅटरीची स्कूटर घेतली. विक्रेत्याने सांगितले की हिला परवाना लागत नाही, नोंदणीही लागत नाही, आणि तेव्हा ते खरे होते: मोटरची शक्ती २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली अशी हलकी गाडी नियमांप्रमाणे मोटार वाहन धरली जात नाही. चढावर ती दमते अशी वडिलांनी तक्रार केली, तेव्हा त्याच दुकानातल्या मुलाने कसलीशी वायर सोडवून तिचा वेग वाढवून दिला. चौलच्या वाटेवर वडील पडले, खांदा निखळला. गावातल्या एका निवृत्त वाहन निरीक्षकांनी गाडी पाहून सांगितले, "ताई, ज्या क्षणी वेग वाढला त्या क्षणी ही परवान्याची, नोंदणीची आणि विम्याची गाडी झाली, आणि तुमच्याजवळ यातले काहीच नाही." आम्ही ती वायर पुन्हा जोडून घेतली. विकत घेताना किती वॅट आणि किती वेग हे बिलावर लिहून मागा.

मच्छीमार, वेंगुर्ला

सर, तुमचे वाचून माझ्या मुलीची स्कूटर मी तिची १८ पूर्ण होईपर्यंत आंब्याच्या पेंढ्याखाली ठेवली. गेल्या महिन्यात तिने घरूनच आधारवर शिकाऊ परवान्याची परीक्षा दिली. 'एल'ची पाटी प्रत्येकी १८ सेंटिमीटर चौरस हवी, पांढऱ्यावर लाल, पुढे आणि मागे, असे वाचले. बाजारातली चिकटपट्टी लहान निघाली, म्हणून पत्र्याचे दोन तुकडे कापले आणि होडीला दिलेला लाल रंग उरला होता त्यानेच अक्षरे काढली. रंग वाळेपर्यंत ती दोनदा येऊन बोट लावून बघून गेली, त्यामुळे मागच्या 'एल'वर तिच्या बोटाचा ठसा राहिला आहे.