लायसन निलंबित झाल्यानंतर : तुमचे अनुभव लिहा

दंड भरला की प्रकरण मिटलं, असं आपण धरून चालतो. पण काही काळ गाडीच चालवायची नाही, अशीही शिक्षा मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये आहे. कलम १९ खाली परवाना अधिकारी आणि कलम २० खाली न्यायालय ती देऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसणं किंवा ट्रिपल सीट बसणं यालाही दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रता लागली. ही वेळ ज्यांच्यावर, घरातल्या कुणावर किंवा कामावरच्या माणसावर आली, त्यांनी लिहावं. अपघाताची वर्णनं नकोत. त्यानंतर घर कसं चाललं, काम कसं निभावलं, परवाना परत मिळवताना काय करावं लागलं, ते लिहा. नावगाव नाही दिलंत तरी चालेल.

जुन्नर तालुक्यातून
आमचा पिकअप आहे. मिस्टर पहाटे भाजी घेऊन वाशीला जातात. परतीला रिकाम्या गाडीत खुरपणीच्या बायका बसवल्या होत्या, नाक्यावर अडवलं. मालाच्या गाडीत माणसं नेली म्हणून तीन महिने लायसन बंद. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. असा पिकअप उलटल्यावर काय होतं ते आमच्या भागाने पाहिलंय. पण त्या बायकांच्या गावाला संध्याकाळी एसटी नाही. त्या आता चालत येतात.

आमच्यापुरतं सांगायचं तर गाडीचा हप्ता काही थांबत नाही. बदली ड्रायव्हर ठेवला. त्याचा पगार, भत्ता आणि डिझेल गेल्यावर भाड्यातलं हातात काहीच राहत नाही. मिस्टर शेजारी बसून जातात, कारण गाळ्यावरची ओळख त्यांची आहे. एका खेपेला दोन माणसं राबतात आणि घरात एकाचंही धड येत नाही. मुलीच्या क्लासची फी राहिलीय. ज्याच्या घरी दुसरी नोकरी आहे त्याचे तीन महिने आणि आमचे तीन महिने सारखे नाहीत, हे कुठेतरी धरलं जायला हवं.

वकील, सोलापूर
ताई, तुमचं वाचलं. सगळ्यांसाठी एक गोष्ट लिहितो, कारण माझ्याकडे येणारे बरेच जण इथेच अडकतात. कलम १९ खाली निलंबन करण्याआधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. त्याची नोटीस आली की लोक बिलांच्या गठ्ठ्यात टाकून देतात आणि सुनावणीला जात नाहीत. मग आदेश एकतर्फी होतो. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

दुसरं पोचपावतीचं. पोलिसांनी लायसन ताब्यात घेतलं की तात्पुरती पोच देतात. पूर्वीपासूनच्या साध्या जप्तीत ती दाखवून गाडी चालवता येते. दारू, अतिवेग, धोकादायक चालवणं, हेल्मेट, ट्रिपल सीट या गुन्ह्यांत मात्र २०१९ पासून त्या पोचेवर गाडी चालवायला मुभा नाही. माणसं ती पोच खिशात घालून बिनधास्त फिरतात. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

ट्रान्सपोर्ट, नाशिक
मालकांनी हेही ध्यानात ठेवावं. ड्रायव्हर अपात्र असताना अपघात झाला तर विमा कंपनी आधी जखमीला भरपाई देते आणि मग मालकाकडून वसूल करायला येते. आमच्या ओळखीतल्या एकाची जमीन त्यात गेली. ड्रायव्हरने सांगितलंच नव्हतं, आणि कामावर ठेवताना कुणी तपासलंही नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक ड्रायव्हरचं लायसन दर महिन्याला ऑनलाइन बघतो. ड्रायव्हर लोकांना राग येतो, येऊ दे.

लेस्टर, इंग्लंड
इथे प्रत्येक गुन्ह्याला दंडाचे गुण लागतात आणि त्यांचा हिशेब असतो. तीन वर्षांत १२ गुण झाले की सहसा सहा महिने बंदी. पण नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहाच गुण पुरतात. माझा दीर पुण्यात अनेक वर्षं गाडी चालवत होता. भारतीय लायसन इथे वर्षभरच चालतं, म्हणून त्याने इथली परीक्षा दिली आणि कायद्याच्या लेखी तो नवशिका ठरला. सिग्नलला थांबून फोन हातात घेतला. त्याला एका वेळेचे सहा गुण. परवाना रद्द, लेखी परीक्षेपासून पुन्हा सगळं. रात्रपाळीचं गोदाम गावाबाहेर, त्या वेळी बस नाही. मी त्याला सोडायला जायचे, पोरांना झोपेतच गाडीत घालून.

म्युनिक
जर्मनीत शहरात मर्यादेपेक्षा ३१ किमीने जास्त वेग सापडला तर दंड आणि महिनाभर बंदी. मात्र आधीच्या दोन वर्षांत बंदी झाली नसेल तर चार महिन्यांच्या आत ती कधी सुरू करायची ते आपण ठरवतो. सहकारी सुट्टीला जोडून घेतात. जुन्नरच्या ताईंचं वाचून वाटलं, हंगाम बघून बंदी घ्यायची एवढी सोय जरी आपल्याकडे असती!

पुणे
माझ्या भाच्याने सतराव्या वर्षी घरची स्कूटर चालवताना एकाला धडक दिली. तो माणूस बरा झाला, पण भाच्याला आता पंचविशीपर्यंत लायसन नाही. कलम १९९अ. त्यातच पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, असंही आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर हे कलम पुष्कळांना कळलं, बहिणीला त्याआधीच कळलं होतं. कॉलेजसुद्धा पीएमपी बसचा मार्ग बघून निवडलं. किल्ली हुकावर लटकत असायची, हे ती अजून बोलून दाखवते.

निवृत्त वाहतूक हवालदार
निलंबित माणूस पुन्हा चाकावर सापडतो तो नाक्यावर, तेही मशिनमध्ये नंबर घातला तरच. गल्लीत कोण विचारतं? घरच्यांनी किल्ली काढून घेतली, तिथेच बंदी खरी पाळली गेली, असं मी नोकरीभर पाहिलं.

जुन्नर तालुक्यातून
वकीलदादा, मुदत पुढच्या महिन्यात संपते. लायसन आपोआप मिळेल ना?

वकील, सोलापूर
नाही ताई. मुदत संपली तरी कायद्याप्रमाणे उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच परवाना परत मिळतो. कुठे होतं आणि पुढची तारीख कोणती, हे आताच कार्यालयात लेखी विचारा. अर्जाची दुसरी प्रत शिक्का मारून घ्या.