टीम परस्यूट : चौथा सायकलपटू मागे पडला तरी चालतो का?

प्रश्न (चाकोरी): टोकियो ऑलिंपिकमध्ये टीम परस्यूट या सायकलींच्या सांघिक पाठलाग शर्यतीत डेन्मार्कचा सायकलपटू ब्रिटनच्या सायकलपटूवर मागून आदळला, तरीही डेन्मार्क अंतिम फेरीत कसा पोहोचला? शिवाय संघात चौघे असताना शेवटी तिघेच का दिसतात?

उत्तर (घाटवाट): दोन्ही संघ धावपट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंवरून एकाच वेळी निघतात आणि ४,००० मीटर, म्हणजे २५० मीटरच्या धावपट्टीवर १६ फेऱ्या मारतात. वेळ तिसऱ्या सायकलपटूचे पुढचे चाक रेषा ओलांडते तेव्हा नोंदवली जात असल्याने, चौथा सर्व शक्ती आघाडीवर खर्चून बाजूला झाला तरी संघाचे नुकसान होत नाही. आघाडीवरचा सायकलपटू वारा अंगावर घेतो, मग वळणावर उताराच्या वरच्या बाजूला सरकतो आणि इतर पुढे जाताच खाली येऊन रांगेच्या शेवटी लागतो. ही अदलाबदल इंचाने चुकली तरी वेग मोडतो. माझ्या मते खरी शर्यत येथेच जिंकली जाते.

उत्तर (दुचाकी): आपल्या पहिल्या प्रश्नाबाबत : समोरासमोरच्या फेरीत एका संघाने दुसऱ्याला गाठले, की निकाल तेथेच लागतो. डेन्मार्कने ब्रिटनला गाठले असे पंचांनी ठरवले. अंतिम फेरीत मात्र इटलीने ३:४२.०३२ अशा तत्कालीन विश्वविक्रमी वेळेत डेन्मार्कला हरवले.

चाकोरी: आभारी आहे. वैयक्तिक परस्यूट ऑलिंपिकमध्ये का दिसत नाही?

घाटवाट: २००८च्या बीजिंगनंतर ती वगळण्यात आली; जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती आजही होते.