हाकेला ओ : मूल नावाला वळून बघत नाही तेव्हा, तुमचे अनुभव लिहा

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. तो वीस महिन्यांचा असताना मी दिवसातून पन्नासदा त्याला हाक मारून बघायचे. ओ नाही, मानही वळत नाही. स्वयंपाकघरात बिस्किटाचा पुडा फोडला की मात्र बाहेरच्या खोलीतून धावत यायचा. त्यामुळे घरात सगळ्यांचं एकच पालुपद, "ऐकू तर येतंय की! आपल्याच नादात असतो. मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा काकासुद्धा चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता." त्या काकाच्या उदाहरणावर मी तीन महिने काढले. ते तीन महिने मला आजही बोचतात.

लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरांनी वीस प्रश्नांची एक यादी भरून घेतली. नावाने हाक मारल्यावर बघतो का, तुम्ही बोटाने काही दाखवलंत तर तिकडे बघतो का, स्वतः बोट दाखवून काही मागतो का. माझं पेन "नाही"वरच थांबत गेलं. आधी कान तपासायला पाठवलं, ते चांगले निघाले. मग विकासतज्ज्ञांनी स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान केलं.

थेरपीच्या ताईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं ते इथे मुद्दाम लिहिते. "नाव घेऊन त्याची परीक्षा घेणं बंद करा." घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याला हाक मारून बघायचा, आणि हाकेनंतर काहीच घडायचं नाही. त्याच्यासाठी ते नाव पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. मग आम्ही नियम केला : समोर जाऊन, खाली बसून, एकदाच नाव घ्यायचं, आणि बघितलं की लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी, साबणाचे फुगे, झोका, द्राक्ष. "नको", "सोड", "पडशील" ह्यांना नाव जोडायचं नाही. पाचव्या महिन्यात मी गॅलरीत कपडे वाळत घालताना सहज हाक मारली आणि तो दारात येऊन उभा राहिला. हातातला टॉवेल तसाच ओला धरून मी उभी होते.

साधारण नऊ महिन्यांची मुलं नावाला प्रतिसाद देऊ लागतात. वर्ष झाल्यावरही वळून बघत नसेल तर दाखवायला हवं. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, लहानसं असलं तरी.

सांगली, वडील

आमच्या मुलीच्या बारशाला आत्याने कानात कुर्र करून नाव सांगितलं, सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. ती जन्मतः ऐकू शकत नव्हती हे चौदाव्या महिन्यात कळलं. जन्मानंतर कानाची तपासणी झाली होती. डिस्चार्जच्या कागदावर "रेफर" असा शब्द होता. आम्हाला त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. त्याचा अर्थ "पुन्हा तपासा" असा असतो. तुमच्या फाइलमध्ये तो शब्द आहे का ते आजच बघा.

आम्ही घरी पाठीमागून स्टीलची ताटली वाजवायचो, ती वळायची. समाधान व्हायचं. खरं तर ती आमची सावली बघून वळत होती.

बेरा तपासणीसाठी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून कानाला आवाज पोहोचतो का ते बघतात त्यासाठी, मूल गाढ झोपावं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून पहाटे उठवलं. कोल्हापूरच्या एसटीत तिचा डोळा लागू नये म्हणून आम्ही दोघं आळीपाळीने तिला खिडकीशी उभं धरत होतो. निकाल आला, दोन्ही कान. आधी कानाचं मशीन, मग दोन वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून त्यासाठी मदत मिळते. अटी आणि वयाची मर्यादा आधी नीट समजून घ्या, उशीर झाला तर संधी जाते. इम्प्लांट सुरू केलं त्या दिवशी ती घाबरून रडली. नावाला वळायला पुढे सात महिने रोज सराव करावा लागला.

बीड जिल्हा, अंगणवाडी सेविका

आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, लेकरं तपासायची गाडी वर्षातून दोनदा येते. पण गावातली निम्मी लेकरं दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला जातात. एक लेकरू असंच दोन्ही वेळा सुटलं. तिसऱ्या वर्षी आजीजवळ राहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकीची गाण्यावर हात करायची, हे त्यांचे हात बघून एक क्षण मागून करायचं. आजी म्हणायची, गरीब आहे, त्रास देत नाही. मी गाडीची वाट न बघता जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आजीसोबत गेले. आता कानाला मशीन आहे. कारखान्यावरून आई फोन करते तेव्हा मशीनचे सेल आहेत का ते आधी विचारते.

रत्नागिरी, आई

आमचं साधं निघालं. आजी बाबू म्हणते, आजोबा सोन्या, मी पिल्लू, शेजारच्या काकू गुंड्या. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय म्हणता?" बाबू म्हटल्याबरोबर वळला. तरी कान तपासून घेतले, त्याचं मला बरं वाटतं.

नाशिक, ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येण्याची तपासणी करणारी)

कुकरची शिट्टी, दार आपटणं, टीव्ही ह्यावरून ऐकू येतं असं ठरवू नका, कळकळीने सांगते. मोठा आवाज कमी ऐकणाऱ्या कानालाही पोहोचतो. स, श, फ असे आवाज हळू आणि उंच पट्टीतले असतात, ते निसटतात, आणि मुलाला शब्द अर्धवट ऐकू येतात. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं तरी असंच होतं. ते काही मिनिटांच्या तपासणीत कळतं. आणि आधी ओ देणारं, बोलणारं मूल थांबलं असेल तर अजिबात वाट बघू नका.

न्यू जर्सी, आई

इथे दीड आणि दोन वर्षांच्या भेटीत ती वर सांगितलेली प्रश्नांची यादी डॉक्टर स्वतःच भरून घेतात. डे-केअरमध्ये म्हणाले, नावाला बघत नाही. त्यांचा उच्चार आमच्या घरच्यासारखा नव्हताच. तरीही तपासलं, आणि स्पीच थेरपी खरंच लागली. मराठी बंद करा असं नातेवाइकांनी सुचवलं, थेरपिस्टने तसं अजिबात सांगितलं नाही. घरी मराठीच चालू ठेवलं.

पुणे, आई

मुलगी पंधरा महिन्यांची. हे सगळं आज रात्री वाचलं. गुरुवारी सकाळी बेरा आहे. ती झोपली नाही तर काय?

सांगली, वडील

ताई, थोडं सिरप देतात ते, पण ते तिथेच, डॉक्टरांच्या हातून. पोटाला काय द्यायचं, कधी थांबवायचं हे फोन करून आधी विचारा. तिची रोजची गोधडी घ्या. आणि बुधवारी रात्रीपासून डोक्याला तेल लावू नका, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटत नाहीत. आमचं त्यातच अर्धा तास गेला, तेवढ्यात पोरगी जागी झाली होती.