शब्दचर्चा : ‘देवाजवळ जा’ की ‘देवाजवळ या’?

ख्रिस्ती प्रार्थनेवरच्या एका छोट्या पुस्तिकेचं मराठी करतेय. आतला मजकूर जमला, पण मुखपृष्ठावरच्या दोन-तीन शब्दांशी अडून बसलेय. आधी लिहिलं ‘देवाच्या जवळ जा’. आजीने चष्मा वर सरकवून वाचलं आणि विचारलं, “कोण गेलं गं?” मग ‘देवाशी जवळीक साधा’ करून पाहिलं, तर भाऊ गालातल्या गालात हसला. ‘देवाच्या सान्निध्यात’ छापलेलं बरं दिसतं, पण बोलताना कुणाच्या तोंडून येत नाही. ‘देवाच्या समक्षतेत’ हा प्रयोग उपदेशांतून इतका ऐकलाय की तो मराठी आहे की नाही तेच आता कळेनासं झालंय. काय ठेवू?

आणखी एक. आत मी उपासना, आराधना आणि भक्ती हे तिन्ही शब्द आलटून पालटून वापरलेत, पुनरुक्ती नको म्हणून. चालेल ना?

———

आजींचं बरोबर आहे. मराठीत माणूस देवाघरी जातो, देवाजवळ जातो, तो परत न येण्यासाठीच. लहान मुलाला मृत्यू सांगायचा असला की आपण हेच शब्द वापरतो. त्यामुळे ‘जा’ बाद.

‘जवळीक’ला भाऊ हसला कारण तो शब्द आता बहुतेक दोन माणसांच्या भानगडीसाठीच उरलाय. त्यातून ‘साधणे’ हे क्रियापद त्याला लावलं की डावपेच दिसतो. जवळीक साधणारा माणूस काहीतरी हेतू मनात धरून आलेला असतो. देवाकडे हेतू धरून जाणारे पुष्कळ असतात म्हणा, पण मुखपृष्ठावर नको.

शब्द शोधायची गरजच नाही. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनात, तो तयार आहे : ‘देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल.’ या वाक्यातल्या दोन गोष्टी बघा. एक, ‘या’. ‘या’ म्हणणारा माणूस पलीकडे, देवाच्या बाजूला उभा राहून बोलावतोय. ‘जा’ म्हणणारा आपल्या बाजूला उभा राहून दुसऱ्याला पाठवतो. मूळ ग्रीक क्रियापदात हा भेद नाही, तिथे नुसतं ‘जवळ होणे’ आहे. मराठीत येणं की जाणं हे ठरवावंच लागतं, आणि इथे ते अचूक ठरलंय.

दुसरी, ‘म्हणजे’. इथे ‘आलात तर तो येईल’ असं लिहिता आलं असतं. पण ‘तर’ने अट पडते, सौदा होतो. ‘जरा पड म्हणजे बरं वाटेल’ असं आई म्हणते तेव्हा ती अट घालत नसते, खात्री देत असते. ग्रीकमध्येही आज्ञा, मग ‘आणि’, मग भविष्यकाळ, एवढंच आहे. ‘जर’ कुठेच नाही. ‘म्हणजे’ ज्याला सुचलं त्याचा कान पक्का होता.

———

सान्निध्याला इतक्या सहज हाकलू नका. कुठल्याही भाषेत देवळाचे शब्द आणि ओसरीचे शब्द वेगळे असतात, असावेतही. मात्र ‘समक्षता’ मला खटकते. ‘समक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोर : समक्ष भेट, समक्ष सांगितलं. तिथवर ठीक. त्याला ‘ता’ जोडून भाववाचक नाम केलं की त्यातला डोळाच जातो. जुन्या कराराच्या मूळ हिब्रूत या ठिकाणी ‘तोंड’ हा अगदी साधा शब्द आहे. देवाच्या उपस्थितीत म्हणायचं तर देवाच्या तोंडासमोर. आपल्याकडे ‘देवासमोर’ आहेच की, मग समक्षतेत कशाला शिरायचं?

तिन्ही शब्द आलटून पालटून वापरण्याबद्दल मात्र माझं स्पष्ट मत, नाही. पुनरुक्ती टाळायची म्हणून शब्द बदलला की वाचक समजतो वस्तूच बदलली. आणि हे शब्द मुळात एक नाहीतच.

उपासना म्हणजे उप + आस्, जवळ बसणं. (‘उपवास’ही असाच : उप + वस्, जवळ राहणं. पोट रिकामं ठेवण्याचा अर्थ मागाहून चिकटला. उपवास आणि प्रार्थना ही जोडी नव्या करारात येते, तेव्हा मराठीत ती आपोआप ‘जवळ राहणं आणि मागणं’ अशी होते.) आराधना राध् धातूवरून, तिच्यात प्रसन्न करून घेणं, राजी करणं आहे. भक्ती भज् वरून, आणि भज् चा मूळ अर्थ वाटा देणं, वाटा घेणं. पुढे सेवा, प्रेम. प्रार्थना अर्थ् वरून, म्हणजे चक्क मागणं.

आता काटेकोर बघितलं तर ‘आराधना’ ख्रिस्ती विचारात थोडी अडचणीची. तिथे देव आधीच राजी आहे, त्याला राजी करायचं उरलेलं नाही, असं शुभवर्तमान सांगतं. पण वापराने शब्दाची मूळं झिजतात. ‘आराधना’ म्हणताना आज कुणाच्या मनात लाच नसते.

———

वरच्या प्रतिसादात एक भर. कॅथलिक वापरात ‘आराधना’ला स्वतःची ठरलेली जागा आहे. मिस्सा (भाकर-द्राक्षारसाचा मुख्य उपासनाविधी) वेगळी आणि पवित्र साक्रामेंताची (त्या विधीत पवित्र केलेल्या भाकरीची) आराधना वेगळी. वेदीवर साक्रामेंत ठेवलेलं असतं आणि माणसं गुडघ्यांवर किंवा नुसती बसून असतात, बराच वेळ काही न बोलता. म्हणजे गंमत बघा, ज्याला आम्ही आराधना म्हणतो ती शब्दशः उपासना आहे, जवळ बसणं. प्रॉटेस्टंट मंडळी रविवारच्या सभेला ‘उपासना’ म्हणतात, काही ‘भक्ती’ म्हणतात (‘भक्ती किती वाजता आहे?’), आणि त्यात उभं राहणं, गाणं, ऐकणं बरंच असतं. अलीकडच्या मंडळ्यांत ‘आराधना’ म्हणजे उपदेशाच्या आधीचा गाण्यांचा भाग. एकच शब्द, दोन ठिकाणी दोन वस्तू. पुस्तिका कोणाच्या हातात पडणार आहे ते बघून ठरवा.

‘प्रार्थना करणे’ आणि ‘प्रार्थना म्हणणे’ यातही हा फरक दिसतो. आमच्यात ठरलेल्या प्रार्थना म्हणतात, स्वतःच्या शब्दांतली करतात. ‘म्हणणे’ कमी प्रतीचं, असा सूर तुमच्या पुस्तिकेत नसावा एवढी विनंती. तापाने फणफणलेल्या माणसाला स्वतःचे शब्द सुचत नाहीत, तेव्हा पाठ असलेलंच तोंडात येतं.

———

‘उपासना’, ‘भक्ती’ हे मुळातले आपले शब्द, ते ख्रिस्ती पुस्तिकेत उसने वाटत नाहीत का? खोडसाळपणे विचारत नाही, खरंच कुतूहल आहे.

———

उसने म्हटले तर चारशे वर्षांची उसनवारी आहे. ख्रिस्ती धर्मगुरू थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलंय आणि तेही ओवीत. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तावर अभंग लिहिले. पंडिता रमाबाई मात्र दुसऱ्या टोकाला होत्या. संस्कृत जाणणाऱ्या त्या बाई, पण हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी करताना संस्कृत धर्मशब्द जाणूनबुजून गाळत गेल्या आणि घरगुती मराठी धरून राहिल्या. म्हणजे हा वाद घरातच जुना आहे. शब्द ज्याच्या तोंडात रुळला त्याचा, असं मला वाटतं.

आणि काही शब्द ख्रिस्ती मराठीनेच घडवले किंवा जपले. ‘उपकारस्तुती’ घ्या. आभार मानणं आणि स्तुती करणं एकाच शब्दात. ‘आभारप्रदर्शन’ म्हटलं की समारंभ संपून लोक खुर्च्या सरकवायला लागतात. ‘उपकारस्तुती’त तसं होत नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. हिब्रूत ‘जवळ’चा धातू क-र-ब. याच धातूचा अरबी भाऊबंद म्हणजे ‘करीब’, हिंदी गाण्यांतून सगळ्यांना ठाऊक असलेला. आणि त्याच धातूपासून हिब्रू ‘कोर्बान’, म्हणजे अर्पण. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना) सुनावतो तिथे हा शब्द जसाच्या तसा आलाय. अरबीतून तोच ‘कुर्बान’ होऊन आपल्याकडे आला, आणि सिरियन परंपरेतल्या मंडळ्या पवित्र मिस्सेला ‘कुर्बाना’ म्हणतात. आपल्याला कुर्बान म्हटलं की रक्त आठवतं. मूळ शब्दात रक्त नाही. मूळ अर्थ : जवळ आणलेलं.

जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात ही जवळ आणण्याची केवढी यंत्रणा! अंगण, पवित्रस्थान, पडदा, परमपवित्रस्थान. अगदी आत जायचं ते प्रमुख याजकाने, वर्षातून एकाच दिवशी. जळत्या झुडपापाशी मोशेला तर ‘जवळ येऊ नकोस, पायांतले जोडे काढ’ असं सांगितलेलं आहे. सीनाय पर्वताभोवती हद्द आखलेली. म्हणून येशूच्या मरणाच्या वेळी मंदिरातला पडदा वरून खाली फाटतो आणि इब्री लोकांस पत्र म्हणतं की आता जवळ येऊ या, तेव्हा तो ‘जवळ’ गोडगोड नाही. ज्या उंबऱ्यावर मरण उभं होतं, तो ओलांडायचं बोलावणं आहे.

त्याच पत्रात कृपेच्या राजासनाजवळ ‘धैर्याने’ जायला सांगितलंय. ‘धैर्य’ चुकीचं नाही, पण ग्रीक शब्द ‘पारेसिया’ आहे, सगळं बोलून टाकायची मोकळीक. मराठीत मला त्याच्या जास्त जवळ वाटतो तो ‘भीड’चा उलटा : भीड न धरता. निर्भीड. धैर्य शत्रूपुढे लागतं, भीड मोठ्या माणसापुढे वाटते. इथे प्रसंग दुसरा आहे.

———

सगळं पटलं, पण एक अडचण. लूकाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशू एक गोष्ट सांगतो : एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. त्यातला जकातदार ‘दूर उभा’ राहतो. वर मान करायलाही धजत नाही, ऊर बडवत एवढंच म्हणतो, देवा, मज पाप्यावर दया कर. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो तोच. मग तुमच्या ‘जवळ या’चं काय करायचं? तो तर जवळ आलाच नाही.

———

आला की. पाय दूर होते, बोलणं जवळचं होतं. परूशी बोलतो ते स्वतःविषयी, हिशेब वाचून दाखवल्यासारखं. जकातदार देवाजवळ बोलतो.

आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेत मराठीचा खरा ऐवज हा ‘जवळ’चा दुसरा वापर आहे, तो कुणीच काढला नाही. ‘मी आईला बोललो’, ‘मी आईशी बोललो’, ‘मी आईजवळ बोललो’ : तीन वाक्यं, तीन प्रसंग. पहिल्यात मी तिला लागेल असं काही बोललो. दुसऱ्यात गप्पा झाल्या. तिसऱ्यात मनातलं काहीतरी बाहेर आलं जे दुसऱ्या कुणापुढे आलं नसतं. ‘जवळ’ इथे अंतर मोजत नाही, विश्वास सांगतो. (‘पाशी’ही हे काम करतं, पण आता जुनं वाटतं. ‘कडे’ करत नाही : ‘साहेबांकडे बोललो’ म्हणजे अर्ज टाकला.)

त्यामुळे ‘देवाशी बोलणे’ हे प्रार्थनेचं मराठी बरं आहे, पण ‘देवाजवळ बोलणे’ हे अस्सल. फिलिप्पैकरांस पत्रात प्रार्थना, विनंती, आभारप्रदर्शन, मागणी असे सगळे शब्द एकाच वचनात ओळीने येतात. ते सगळे ‘देवाजवळ’ या एका शब्दयोगी अव्ययाखाली सुखाने नांदतात : देवाजवळ मागितलं, देवाजवळ रडलो, देवाजवळ कबूल केलं. ‘देवाच्या सान्निध्यात कबूल केलं’ म्हणून बघा. कबुलीच खोटी वाटते.

———

जाता जाता, विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशी बोलताना येशू ज्या ‘उपासने’विषयी बोलतो (योहान, चौथा अध्याय), तिथलं ग्रीक क्रियापद लोटांगणाचं आहे. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी (ज्ञानी लोकांनी) बाळ येशूपुढे केलं तेही तेच, आणि तिथे मराठीत ‘नमन’ किंवा ‘पाया पडणं’ येतं. म्हणजे ग्रीक वाचक त्या विहिरीपाशी पालथा पडतो, मराठी वाचक बसतो. हिब्रू ‘अवोदा’ तर तिसरीच तऱ्हा : मिसरातली वेठबिगारी आणि देवाची सेवा दोन्हींना तोच शब्द. पडणं, बसणं, राबणं. अनुवादाचा तोटा म्हणा की नफा.

———

सगळ्यांचे आभार (उपकारस्तुती देवासाठी राखून ठेवते). मुखपृष्ठावर ‘देवाजवळ या’ केलं. आत ‘उपासना’ सभेसाठी, ‘प्रार्थना’ मागण्या-बोलण्यासाठी, आणि ‘आराधना’ फक्त एका ठिकाणी, जिथे नुसतं गप्प बसण्याचा परिच्छेद आहे तिथे. ‘म्हणणे’बद्दलचं एक वाक्य काढून टाकलं, ते खरंच तिरकं होतं. ‘समक्षता’ अकरा ठिकाणी सापडली, नऊ जागी ‘देवासमोर’ झाली, दोन जागी वाक्यच गाळलं तरी काही बिघडलं नाही. सान्निध्य एका गीतात राहिलं, तिथे मात्रा भरत नव्हत्या.

आजीला नवं मुखपृष्ठ दाखवलं. म्हणाली, “हं. आता बोलावल्यासारखं वाटतं.” आणि मग, “अक्षर जरा मोठं कर.”